स्कॉटिश पणजीचा कागद कसा शोधावा, शिष्यवृत्ती कशी मागावी

माझ्या भाचीचे वडील साताऱ्याचे, आई पेनसिल्व्हेनियातली. आईच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य चालत आलं होतं, ‘आपण मूळचे स्कॉटलंडचे.’ तेवढ्या भांडवलावर आम्ही स्कॉटलंडमध्ये शिकायच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलो आणि तीन आठवडे नुसते कागद शोधण्यात गेले. तुमचे ते आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

आधी आपलं दार कोणतं ते ठरवा. अमेरिकेतल्या सेंट अँड्र्यूज सोसायट्या फार जुन्या आहेत. फिलाडेल्फियाची १७४७ची, न्यूयॉर्कची १७५६ची. परमुलखात अडलेल्या आपल्या माणसांना हात द्यायला स्कॉटिश लोकांनी त्या काढल्या. न्यूयॉर्कची संस्था स्कॉटिश वंशाच्या अमेरिकन विद्यार्थ्यांना स्कॉटलंडमधल्या पदव्युत्तर अभ्यासासाठी पैसे देते आणि तिकडच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेत आणते. फिलाडेल्फियाची संस्था पदवीचं तिसरं वर्ष स्कॉटलंडमध्ये काढायला मदत करते. अशा ठिकाणी पुष्कळदा कॉलेजच आपल्या विद्यार्थ्याचं नाव पुढे पाठवतं. म्हणून जायच्या आदल्या वर्षाच्या सुरुवातीलाच कॉलेजमधल्या शिष्यवृत्ती कार्यालयात जाऊन या.

वंशाचा संबंध नसेल तरी वाट आहे. गोल्फपटू बॉबी जोन्सच्या नावाची शिष्यवृत्ती १९७६पासून अटलांटातलं एमरी विद्यापीठ आणि स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज विद्यापीठ यांच्यात मुलांची ये-जा घडवते, तिथे रक्ताचा प्रश्नच येत नाही. आणि भारतीय पासपोर्टवर थेट महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी स्कॉटलंड सरकारच्या सॉल्टायर शिष्यवृत्तीची चौकशी करावी. ती आजवर एक वर्षाच्या मास्टर्ससाठी ८,००० पौंडांची राहिली आहे. तेवढ्यात फी भागत नाही, बाकीची सोय आधीच धरून चला.

आता कागद. आडनाव म्हणजे पुरावा नव्हे, हे पहिल्याच दिवशी मनाशी पक्कं करा. ‘मॅक’ने सुरू होणारी आडनावं आयर्लंडमध्येही भरपूर आहेत. सुरुवात घरातून करा: आजीचा जन्मदाखला, तिच्या आईवडिलांचा विवाहदाखला, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेली नावं. एकेक पिढी मागे जा, मधली कडी सोडू नका. समुद्र ओलांडणाऱ्या माणसापर्यंत पोचलात की ‘स्कॉटलंड्स पीपल’ हे तिथलं सरकारी संकेतस्थळ उघडा. सूचीत नाव शोधायला पैसे लागत नाहीत, मूळ नोंदीची प्रत पाहायला थोडे लागतात. १ जानेवारी १८५५पासून तिथे सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी आहे, त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. आम्ही अडकलो ते स्पेलिंगमध्ये. घरी ‘मॅकिंटॉश’ जसं लिहीत तसं शोधलं, काहीच मिळेना. ‘मॅक’मधलं एक अक्षर गाळून, मग ‘के’ घालून पाहिलं, तेव्हा कुठे सापडलं.

सगळ्यात उपयोगी नोंद मृत्यूची. स्कॉटलंडच्या मृत्यूनोंदीत आईवडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. एका कागदात एक पिढी मागे जाता येतं. आम्हाला मिळालेल्या पूर्वज बाईच्या मृत्यूनोंदीत गाव होतं डंडी, आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘ज्यूट गिरणीत सूतकताई’. मृत्यूची माहिती देणाऱ्या तिच्या मुलीला सही येत नव्हती. तिथे फुलीची खूण आणि शेजारी कारकुनाने लिहिलेलं तिचं नाव. भाची ती फुली कितीतरी वेळ बघत बसली होती.

अभ्यासक्रम निवडताना नावांनी फसू नका. एडिनबरा, ग्लासगो, अ‍ॅबरडीन आणि सेंट अँड्र्यूज या जुन्या विद्यापीठांत कला शाखेची पहिली पदवीच चार वर्षांची एम.ए. असते. पदव्युत्तर अभ्यासाला कुठे एम.लिट. म्हणतात, तर एडिनबरात इतिहासाचीही एम.एससी. होते. नावापेक्षा पातळी आणि कालावधी बघा, नाहीतर अर्ज भलत्याच रांगेत जाईल.

राहिलं अर्जासोबतचं निवेदन. ‘मला माझ्या मुळांचा शोध घ्यायचाय’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या अर्जात असतं, ते काढून टाका. तुमचा कागद आणि तुम्हाला शिकायचा विषय यांत खरोखर धागा आहे का, ते शोधा. भाचीला जुन्या कापडांचं जतन शिकायचं होतं, आणि ग्लासगो विद्यापीठात त्याचा अभ्यासक्रम आहे. तिच्या पहिल्या मसुद्यात क्लॅन म्हणजे स्कॉटिश कुळं होती, टार्टन म्हणजे त्यांचं चौकड्यांचं कापड होतं, बॅगपाइप होती. मी म्हटलं, “अगं, हे सगळं पर्यटकाचं झालं. तुझी फुली कुठे गेली?” मग तिने नव्याने लिहिलं: बंगालहून जहाजाने डंडीला जाणारा कच्चा ताग, तो कातणारी तिची पूर्वज, लिहिता न येणारी तिची मुलगी, आणि तसल्याच कापडाचे धागे वाचायला शिकू पाहणारी पाचव्या पिढीतली ती. वडिलांचा देश आणि आईचं मूळ गाव एकाच परिच्छेदात आले.

शिफारसपत्रं देणाऱ्या प्राध्यापकांना हा मसुदा आणि मृत्यूनोंदीची प्रत दोन्ही द्या, आणि निदान महिनाभर आधी द्या.