लहान जीटीपेज आणि त्यांना सक्रिय करणारी प्रथिने: या चुका टाळा

सांगलीत पदव्युत्तर जीवरसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक विधान मला दरवर्षी आढळते: जीईएफ हे प्रथिन रासवरील जीडीपीला फॉस्फेट जोडून त्याचे जीटीपी करते. (रास हे एक लहान जीटीपेज, म्हणजे पेशीतले स्विचसारखे प्रथिन: दोन फॉस्फेटचा जीडीपी धरला की बंद, तीन फॉस्फेटचा जीटीपी धरला की चालू. जीईएफ त्याला सक्रिय करते.) हे पूर्णपणे चुकीचे आहे आणि पुढच्या अनेक चुकांचे मूळ त्यातच आहे. जीईएफ कोणताही फॉस्फेट जोडत नाही. रासच्या खोबणीत घट्ट बसलेल्या जीडीपीची पकड ते सैल करते, जुना रेणू बाहेर पडतो आणि रिकाम्या जागी पेशीद्रवातला नवा रेणू येऊन बसतो. हरिपूरच्या हळदीच्या पेवाचे तोंड उघडणारा माणूस आत कोणता माल भरायचा हे ठरवत नाही. दाराशी जो माल जास्त असेल तोच आत जातो. पेशीत जीटीपीचे प्रमाण जीडीपीच्या सुमारे दहापट असते, म्हणून अदलाबदलीचा कल जीटीपीकडे राहतो.

यावरूनच प्रयोगातली दुसरी चूक लक्षात येते. मँट-जीडीपी हा चमकणारा रेणू रासवर बसवून त्याची चमक कमी होताना पाहिली, की विद्यार्थी लगेच “रास सक्रिय झाले” असे लिहितात. चमक कमी होणे म्हणजे केवळ मँट-जीडीपी सुटणे होय. द्रावणात साधा जीडीपी भरपूर असेल, तरी आलेख तसाच खाली येईल, कारण जीईएफ दोन्ही दिशांची अदलाबदल सारखीच वेगवान करते. सक्रियतेविषयी बोलायचे असेल, तर द्रावणात जीटीपी किंवा त्याचे न फुटणारे प्रतिरूप हवे आणि जीटीपी-रूपालाच ओळखणाऱ्या प्रथिनाने त्याची खात्रीही करावी.

मॅग्नेशियमचा हिशोब मात्र सर्वांत जास्त प्रयोग बिघडवतो. मॅग्नेशियम आयन न्यूक्लिओटाइडला, म्हणजे जीडीपी किंवा जीटीपीला, खोबणीत धरून ठेवतो. म्हणूनच मँट-जीडीपी बसवताना आपण मॅग्नेशियमला बांधून घेणारे ईडीटीए घालून तो आयन बाजूला काढतो आणि काम झाल्यावर मॅग्नेशियम क्लोराइड घालून खोबण पुन्हा बंद करतो. द्रावणात १ मिलिमोलर मॅग्नेशियम असताना २ मिलिमोलर ईडीटीए घातले असेल, तर नंतर आणखी २ मिलिमोलर मॅग्नेशियम घातल्यावरच मुक्त मॅग्नेशियम जवळपास १ मिलिमोलरवर परतते. ही बेरीज-वजाबाकी चुकली, की रास जीईएफशिवायच जीडीपी सोडत राहते आणि त्याचे श्रेय बिचाऱ्या जीईएफला मिळते. जीईएफ नसलेल्या क्युवेटचा (मोजणीच्या पारदर्शक पात्राचा) आलेख सपाट येत नसेल, तर पुढचा कोणताही आकडा वहीत उतरवू नये. बसवणी झाल्यावर उरलेला मुक्त मँट-जीडीपी छोट्या जेल-स्तंभातून काढून टाकणेही तितकेच आवश्यक आहे.

आता पटलाकडे, म्हणजे पेशीतील मेदाच्या पातळ पडद्याकडे वळू. माझ्या मते खरी गफलत इथेच होते, कारण परीक्षानळीत पटल नसते आणि पेशीत ही घटना पटलावर घडते. आर्फ१ या दुसऱ्या लहान जीटीपेजचे पहिले १७ अमिनो आम्ल कापलेले रूप द्रावणातच सहज सक्रिय होते, म्हणून ते हाताळायला सोपे पडते. परंतु पूर्ण लांबीच्या आर्फ१ चे टोकाचे सर्पिल आणि त्यावरचा मिरिस्टिक या मेदाम्लाचा धागा हे पटलात शिरल्यावरच जीटीपी-रूप स्थिर होते. कापलेल्या आर्फवर प्रयोग करून “या जीईएफला पटलाची गरज नाही” असा निष्कर्ष काढणे म्हणजे गरजेचा भागच काढून टाकून गरज नाही म्हणण्यासारखे आहे. ई. कोलायमध्ये मिरिस्टिक आम्ल जोडणारे विकर नसते, त्यामुळे ते सोबत बनवून घ्यावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

सॉस या रासच्या जीईएफचेही तसेच आहे. केवळ उत्प्रेरक भाग घेऊन मोजलेला वेग पूर्ण सॉसला लावू नये. पूर्ण सॉसमध्ये त्याचेच इतर भाग उत्प्रेरक भागाला झाकून ठेवतात. सॉसवर रासला बसण्यासाठी दुसरी, नियामक जागाही असते, हे २००३ मध्ये स्फटिकरचनेतून दिसले. त्या जागेवर, विशेषतः जीटीपीसह, रास बसले की सॉस अधिक कामाला लागते. म्हणजे पटलावर तयार झालेले रास आणखी रास तयार होण्याला बळ देते. रास पटलाला बांधलेले असल्याने ते त्याच जागी दाट असते. द्रावणात विखुरलेल्या रासवर हा परिणाम क्षीण दिसतो, आणि मग प्रथिन खराब झाले असे समजून ते टाकून दिले जाते.

एस१७एन (सतराव्या जागी सेरीनऐवजी अस्पॅराजीन) हे रासचे उत्परिवर्तन म्हणजे नुसते “बंद रास” नव्हे. ते जीईएफला घट्ट अडवून धरते, त्यामुळे पेशीतील सामान्य रासही सक्रिय होऊ शकत नाही.

शेवटी मोजमापातली एक बारीक बाब. जुलैत बर्फातून काढलेली क्युवेट चमक मोजणाऱ्या फ्लुओरोमीटरमध्ये तशीच ठेवली, तर बाहेरच्या काचेवर दव धरते आणि पहिल्या काही मिनिटांचा आलेख वरखाली होतो. क्युवेट कोरड्या कापडाने पुसून ठरलेल्या तापमानाला येऊ द्यावी. लिपोसोम (पटलाचे कृत्रिम सूक्ष्म गोळे) आधी घालून रेषा स्थिर होण्याची वाट पाहावी आणि त्यानंतरच जीईएफ घालावे. लिपोसोम मधेच घातल्यास प्रकाश विखुरल्याने येणारी उडी अदलाबदल समजली जाते.