गिटारवर हार्मोनिक्स वाजत नाहीत? या चुका टाळा

हार्मोनिक म्हणजे तार न दाबता, ठरावीक जागी नुसती शिवून काढलेला घंटेसारखा सूर. त्याऐवजी नुसता 'टक्' असा मेलेला आवाज आला की नवशिका पहिल्यांदा अ‍ॅम्पचा गेन (सिग्नलची ताकद) वाढवतो. मग त्या टकचाच मोठा टक होतो. गेन कमी ठेवा, डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) बंद करा आणि स्वच्छ टोनवर आधी सूर काढा. गडबड बहुतेक वेळा बोटाच्या जागेत असते, आणि ती स्वच्छ टोनमध्येच कळते.

बाराव्या फ्रेटपासून, म्हणजे गळ्यावरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपासून, सुरुवात करा. नेहमीच्या सवयीने बोट दोन फ्रेटच्या मधे पडतं, तिथे हार्मोनिक नाही. बोट धातूच्या पट्टीच्या बरोब्बर वर हवं. तार दाबायची नाही, फक्त स्पर्श. पिक मारल्या मारल्या बोट उचला. आधी उचललंत तर मोकळी तार वाजते, रेंगाळलात तर सूर दबतो. दुसरं बोट किंवा तळव्याची कड त्याच तारेला टेकत नाही ना, तेही बघा. बाराव्यावर तारेचे २ समान भाग होतात, सातव्यावर ३, पाचव्यावर ४. मोकळ्या तारेला षड्ज धरलं तर बाराव्यावर वरचा षड्ज मिळतो, सातव्यावर त्याच्या वरचा पंचम आणि पाचव्यावर आणखी वरचा षड्ज.

इथपर्यंत फ्रेटची पट्टी आणि तारेचा खरा बिंदू जवळपास एकाच जागी असतात. चौथ्या फ्रेटवर मात्र लोक हमखास फसतात. तारेच्या पाचव्या भागाचा बिंदू स्ट्रॅटोकास्टरसारख्या ६४८ मिमी स्केलच्या (मोकळ्या तारेची वाजणारी लांबी तेवढी असलेल्या) गिटारवर चौथ्या पट्टीच्या सुमारे ४ मिमी अलीकडे, नटच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीच्या, बाजूला येतो. पट्टीच्या डोक्यावर बोट ठेवून हा सूर नीट निघतच नाही. त्याच्या पुढचा, सहाव्या भागाचा बिंदू तिसऱ्या पट्टीच्या सुमारे ५ मिमी पलीकडे असतो. बोट हळूहळू सरकवत पिक मारत राहिलात की जागा कानाला सापडते.

आणि चौथ्याजवळचा तो सूर निघाला की तक्रार येते, 'बेसुरा वाटतो.' तो बेसुरा नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येतो तो स्वयंभू गंधार हाच. 'ए' तारेवर त्याची कंपनसंख्या ११० च्या पाचपट, म्हणजे ५५० हर्ट्झ. फ्रेट दाबून वाजवलेला तोच सूर ५५४ च्या पुढे जातो, कारण गिटारचे फ्रेट समान अंतराच्या सप्तकावर बेतलेले असतात. ट्यूनर सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) कमी दाखवेल. दाखवू दे, खुंटीला हात लावू नका.

याच कारणाने पाचव्या आणि सातव्या फ्रेटचे हार्मोनिक जुळवून गिटार लावण्याची लोकप्रिय पद्धत मला पटत नाही. दर जोडीला सुमारे २ सेंटचा फरक पडतो आणि तो पुढच्या तारेवर साठत जातो. साधा क्लिप-ट्यूनर बरा.

कधी सगळं अचूक करूनही पाचव्या फ्रेटचा हार्मोनिक दुबळा येतो. पिकअपचा (तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकांचा) स्विच बघा. स्ट्रॅटोकास्टरचा नेक पिकअप, म्हणजे गळ्याकडचा, ब्रिजपासून (तारा बॉडीवर टेकतात तिथपासून) तारेच्या जवळपास पाव अंतरावर असतो, आणि त्या सुरासाठी नेमकी तीच जागा निस्पंद असते. तिथे तार त्या सुरात हलतच नाही, मग पिकअपला मिळणार काय? ब्रिज पिकअपवर या, टोनचं बटण पूर्ण उघडा आणि पिकही ब्रिजजवळ मारा.

पिंच हार्मोनिकचं, म्हणजे रॉक गिटारवादक बिली गिबन्स किंवा झॅक वाइल्डच्या त्या किंचाळणाऱ्या सुराचं वेगळं दुखणं आहे. पिक टोकापर्यंत आत धरा, जेमतेम टोक बाहेर, म्हणजे पिकपाठोपाठ अंगठ्याची कड तारेला पुसटशी लागते. इथे गेन खरंच लागतो. पण मोठी चूक अशी की उजव्या हाताची एक जागा सापडली की लोक तिथेच ठाण मांडतात. डावा हात पाचव्या फ्रेटवरून सातव्यावर गेला की तारेचा वाजणारा भाग आखूड होतो आणि पाव भागाचा बिंदू ब्रिजपासून १२१ मिमीवर होता तो १०८ वर येतो. अंगठा तिथेच राहिला तर सूर हरवतो किंवा भलताच निघतो. डाव्या हाताबरोबर उजवाही सरकायला हवा.

टॅप हार्मोनिकमध्येही, म्हणजे दाबलेल्या फ्रेटच्या बारा फ्रेट पुढे बोट आपटून काढलेल्या सुरातही, हेच. दुसरा फ्रेट दाबलाय तर टॅप चौदाव्यावर, पट्टीच्या डोक्यावर, आणि बोट लगेच मागे.

हात बरोबर असूनही सूर विरत असेल तर तारा बदला. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्या लवकर गंजतात आणि गंजलेली, मळलेली तार सगळीकडे सारखी जड राहत नाही. नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारा इफेक्ट) जास्त कडक असेल तर तो सुराची शेपटी कापतो, तो सैल करा. नव्या तारांवर बाराव्याचा हार्मोनिक आणि बारावा फ्रेट दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) थोडं मागे घ्या, उतरता आला तर पुढे, आणि प्रत्येक वेळी तार पुन्हा लावून मगच मोजा.