डाकोटातला बर्फाचा आठवडा: आधी ओल आवरा, मग वारा अडवा

अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा, साउथ डाकोटा आणि पूर्व मोंटाना या पट्ट्यात जानेवारी-फेब्रुवारीत एखादा आठवडा असा येतोच. सोमवारी बर्फ सुरू होतो, बुधवारी वायव्येचा वारा उठतो आणि गुरुवारपासून पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश सेल्सिअसवर ठाण मांडून बसतो. इथल्या दुग्धशाळांवर, रँचवर आणि विद्यापीठांच्या गोठ्यांवर कामाला आलेली आपली मुलं-मुली पहिल्या हिवाळ्यात मला हमखास विचारतात, की ताई, एवढ्या थंडीत ही जनावरं उघड्यावर जगतात कशी? मी संगमनेरकडच्या गाईंच्या घरात वाढले. निफाडला पारा चार-पाचवर आला की आमच्याकडे गोठ्याला गोणपाटं लागायची. त्यामुळे सुरुवातीला मलाही हाच प्रश्न पडला होता.

उत्तर असं, की अंग कोरडं, पोट भरलेलं आणि वाऱ्याला आडोसा असेल तर इथली गाय ती थंडी काढते. यातलं एक जरी बिघडलं तरी ती मरू शकते, आणि त्यातही सगळ्यात आधी घात करते ती ओल. दाट हिवाळी केस आलेल्या कोरड्या गाईला साधारण उणे ८ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे १८ फॅरनहाइटपर्यंत, जादा खुराक लागत नाही. तिचेच केस भिजले की ही मर्यादा थेट १५ अंशांवर येते. म्हणजे संगमनेरला आपण ज्या सकाळी नुसती शाल पांघरतो, तेवढ्या गारव्यात भिजलेली गाय अंगातली चरबी जाळू लागते.

याची जाणीव इथल्या लोकांना २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये फार महागात पडून झाली. ३ ते ५ ऑक्टोबरला पश्चिम साउथ डाकोटात ‘अ‍ॅटलस’ वादळ आलं. पारा गोठणबिंदूच्या आसपासच होता, इथल्या मानाने काहीच नाही. पण आधी तासन्‌तास पाऊस झाला, मग जड ओला बर्फ आणि त्याच्याबरोबर ताशी शंभर किलोमीटरहून जोरात वारा. गाई अजून उन्हाळी कुरणात होत्या, अंगावर हिवाळी केस आले नव्हते. हजारो जनावरं मेली. तीच जनावरं जानेवारीत, कोरड्या अंगाने, त्याहून कितीतरी कडक थंडीत निभावली असती. म्हणून हवामानाचा अंदाज ऐकताना फक्त पारा ऐकू नका. बर्फाआधी पाऊस आहे का, आणि वारा किती आहे, हे आधी ऐका.

वाऱ्याचा हिशोब रेडिओवर ‘विंड चिल’ म्हणून सांगतात. पारा शून्य फॅरनहाइट (उणे १८ सेल्सिअस) आणि वारा ताशी १५ मैल असला, की अंगाला लागणारी थंडी उणे १९ फॅरनहाइट होते. त्यात उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. खुराकासाठी हाच आकडा धरायचा. १८ फॅरनहाइटच्या खाली विंड चिल जितके अंश जाईल, तितके टक्के ऊर्जा वाढवून द्यायची. उणे १२ सांगितलं तर १८ पासून ३० अंश खाली, म्हणून तीस टक्के जास्त. ही वाढ चांगल्या वाळलेल्या वैरणीतून द्या. घाबरून एकदम मका-भरडा वाढवला तर पोट बिघडतं, आणि आजारी गाय थंडीत उभी राहत नाही. वैरणीचा दुसरा फायदा असा, की ती गाईच्या कोठीपोटात (पहिल्या मोठ्या पोटात) आंबताना स्वतः ऊब देते आणि ही ऊब खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. म्हणून वैरण संध्याकाळी टाका, म्हणजे मध्यरात्रीच्या गारठ्यात ती कामाला येईल. गाभण गाईंना संध्याकाळी चारलं की जास्त गाई दिवसा उजेडी वितात, हाही इथल्या पशुपालकांचा जुना अनुभव आहे. रात्री दोनला उणे तिसात वासरू शोधत फिरलेल्या माणसाला त्याची किंमत विचारा.

पाण्याकडे मात्र भले भले दुर्लक्ष करतात. थंडी आहे म्हणजे तहान कमी, असं वाटतं. मोठी गाय या दिवसांतही चाळीस लिटरच्या आसपास पाणी पिते. पाणी कमी झालं की ती वैरण कमी खाते, आणि वैरण कमी म्हणजे ऊब कमी. हौदाचा हीटर वादळाच्या आधी चालवून बघा, वायर उंदरांनी कुरतडली नाही ना ते पाहा. वीज गेली तर कुऱ्हाडीने बर्फ फोडायची तयारी ठेवा, आणि दिवसातून दोनदा फोडा. गाई बर्फ खाऊन भागवतात हे खरं, पण सवय असलेल्या, दूध न देणाऱ्या गाई, आणि तेही मऊ, भुसभुशीत बर्फावर. वरून कडक पापुद्रा धरलेला बर्फ त्यांना खाता येत नाही.

आता आडोसा. वारा पूर्ण अडवणारी सपाट भिंत बांधू नका. वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडे गरगर फिरतो आणि सगळा बर्फ नेमका जनावरं उभी असतात तिथेच टाकतो. फळ्यांमध्ये फटी ठेवा, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा मोकळा. अशा कुंपणाच्या मागे त्याच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत वारा मंदावतो. तीन मीटरचं कुंपण असेल तर पंचवीस-तीस मीटर. जळगावकडे केळीच्या बागेभोवती शेवरीची दाट ओळ लावतात, त्यामागेही हाच विचार आहे. इथे १९३४ नंतरच्या दुष्काळाच्या आणि धुळीच्या वादळांच्या वर्षांत सरकारने नॉर्थ डाकोटापासून टेक्सासपर्यंत झाडांचे पट्टे लावले. १९४२ पर्यंत २२ कोटींच्या आसपास झाडं लागली. त्यातले बरेच पट्टे आता म्हातारे झालेत, आणि मोठ्या यंत्रांना वळायला जागा हवी म्हणून कित्येक उपटलेही गेले. मला ते बघवत नाही. तुमच्या शेतावर असा पट्टा उरला असेल तर मालकाला सांगून तो जपा आणि वादळाच्या आधी गाई त्याच्या आडोशाला आणा.

गाई उघड्या कुरणात राहिल्या तर त्या वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटतात. वारा वायव्येचा, म्हणून शेवटी आग्नेय कोपऱ्याच्या कुंपणाला जाऊन अडकतात, एकमेकींवर दाटी होते आणि वरून बर्फ साठतो. कधी बर्फाचा ढीग कुंपणाच्या उंचीला पोचतो आणि गाई सरळ वरून चालत रस्त्यावर जातात. म्हणून वादळ यायच्या आदल्या दिवशी त्यांना हलवा, वारा सुरू झाल्यावर हलवायला जाऊ नका. खाली भरपूर काड किंवा मक्याची ताटं पसरा. गाय उघड्या बर्फावर बसली की पोटाखालचा बर्फ वितळतो आणि तिचे केस ओले होतात, म्हणजे पुन्हा तीच ओल.

दुधाच्या गोठ्यात सडांची काळजी वेगळी. दूध काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवतो, ते ओले सड घेऊन गाय वाऱ्यात गेली की शेंड्याची कातडी गोठते. बुडवल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग कागदाने टिपून कोरडे करा आणि मगच गाय सोडा. सडाला चीर पडली की पुढे कासदाह ठरलेलाच.

वासरांबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या हातून एक चूक झाली होती. पहिल्याच हिवाळ्यात एक कालवड पहाटे जन्मली. मी तिचं अंग पुसलं, काडात ठेवली आणि दुसऱ्या गाईकडे गेले. कान पुसायचे राहिले. चौथ्या दिवशी कानांची टोकं काळी पडली आणि पुढे ती गळून गेली. कालवड जगली, पण तिला बघताना आजही मला ती पहाट आठवते. म्हणून नीट वाचा. वासरू जन्मलं की आधी कान, शेपूट, पाय आणि तोंड कोरडं करा. नुसतं टिपू नका, टॉवेलने केसांच्या उलट दिशेने चोळा. गुदद्वारातून ताप बघा. ३८.३ ते ३९.२ अंश असेल तर ठीक. ३७.८ च्या खाली गेलं तर वासरू गारठायला लागलं आहे. ३४.४ च्या खाली म्हणजे जीव धोक्यात. अशा वासराला कोपर सोसेल इतक्या, ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात बसवा, डोकं वर धरून ठेवा, पाणी थंड होईल तसं बदला, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण कोरडं करा. अर्धवट ओलं वासरू परत गोठ्यात सोडणं हे त्याला मारण्यासारखंच आहे. तोंडात बोट घातल्यावर ते ओढत नसेल तर बळेच चीक पाजू नका, फुप्फुसात जाईल. आधी ऊब, मग चीक, आणि तरीही ओढत नसेल तर अनुभवी माणसाकडून नळीने.

चीक पहिल्या दोन तासांत द्या, फार तर सहा तासांत. आपल्याकडे खरवसासाठी चीक काढून ठेवायची पद्धत आहे. इथे या आठवड्यात चिकाचा पहिला मान वासराचाच. जास्तीचा चीक गोठवून ठेवा, पण वितळवताना कोमट पाणीच वापरा, उकळत्या पाण्याने त्यातली संरक्षक प्रथिनं जातात. तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला १५ अंश सेल्सिअसच्या खालीच थंडी लागायला लागते. त्याला जाकीट घाला, दिवसाचं तिसरं दूध सुरू करा, आणि काड इतकं टाका की वासरू बसल्यावर त्याचे पाय दिसू नयेत. जाकीट आतून ओलं झालं असेल तर लगेच बदला.

शेतातल्या गव्हाबद्दल थोडक्यात. इथला बहुतेक गहू वसंतात पेरतात, पण सप्टेंबरात पेरलेला हिवाळी गहू असेल तर त्याला हा बर्फ हवाच आहे. गव्हाची मुकुटमुळं जिथून फुटतात तो भाग जमिनीत जेमतेम एक इंचावर असतो. वर आठ-दहा सेंटिमीटर बर्फ असला तर हवा उणे तीसला गेली तरी तो भाग सहसा तगतो. उघड्या जमिनीत तो मरतो. म्हणूनच इथे जुन्या पिकाची धसकटं उभी ठेवून त्यांतच पेरतात, धसकटं उडता बर्फ धरून ठेवतात. त्या शेतातून गाई नेऊ नका, गाडी तर मुळीच नाही. दाबलेल्या बर्फाची ऊब जाते.

धान्याच्या कोठ्यांचे पंखे गहू गार झाल्यावर बंद करून झाका, नाहीतर आत बर्फ उडतो. कोठीत धान्याचा वरचा थर घट्ट झाला असेल तर फोडायला आत उतरू नका. एकटे तर कधीच नाही. ट्रॅक्टरमध्ये १ नंबरचं, म्हणजे थंडीत लवकर न गोठणारं हलकं डिझेल मिसळून घ्या, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हात शेकत बसू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोप येते.

आणि तुम्ही स्वतः. १२ जानेवारी १८८८ ला इथे सकाळ इतकी उबदार होती की मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली. दुपारी वादळ आलं, दोन-तीन हात पुढचं दिसेना, आणि त्या एका वादळात दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यांत कितीतरी शाळकरी मुलं होती. सकाळचं ऊन बघून जाकीट घरी ठेवू नका. आतला सुती बनियन घामाने भिजला की तोच अंग गार करतो, म्हणून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा घाला. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे उबदार. घर ते गोठा दोरी बांधून ठेवा. वारा बर्फ उडवायला लागला की नवा बर्फ पडत नसतानाही पुढे धरलेला हात दिसत नाही. गाडी अडकली तर गाडी सोडून चालत जाऊ नका, आणि इंजिन लावण्याआधी मागची धुराची नळी बर्फातून मोकळी करा. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर बर्फाने चोळू नका, शेकोटीवरही धरू नका, कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टर गाठा.

वादळ गेलं की आधी जनावरं मोजा. मेलेली असतील तर पुरण्याआधी फोटो काढा, तारीख, वय, कानातला क्रमांक लिहून ठेवा, पशुवैद्याकडून लेखी घ्या. सरकारची लाइव्हस्टॉक इंडेम्निटी प्रोग्रॅम ही योजना हवामानामुळे नेहमीपेक्षा जास्त मेलेल्या जनावरांसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के भरपाई देते, पण नोंदी नसतील तर अर्ज टिकत नाही. अ‍ॅटलसच्या वेळी ही योजना लागू नव्हती. २०१४ च्या कृषी कायद्याने ती मागच्या तारखेपासून लागू झाली, तेव्हा ज्यांनी फोटो आणि वह्या जपल्या होत्या त्यांचं काम सोपं गेलं. वळूंचे अंडकोश तपासा. थंडीने गोठून खपली धरलेली दिसली तर दोन महिन्यांनी वीर्यतपासणी करूनच त्याला कळपात सोडा.

हिवाळी गव्हाची शंका असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला शेताच्या चार-पाच ठिकाणाहून मुळासकट झाडं उपटा. धुवा, वरची पानं आणि जुनी मुळं छाटा, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घालून घरातच ठेवा, दोन दिवसांनी झाडं पुन्हा धुवा. आठवड्या-दहा दिवसांत पांढरी नवी मुळं फुटली तर पीक ठेवा. फुटली नाहीत तर वसंतातल्या गव्हाचं बियाणं शेजाऱ्यांच्या आधी सांगून ठेवा.