वसतिगृह पावसाळ्यात पाहावे, निवडावे मात्र उन्हाळ्यासाठी

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या संपतात आणि महाविद्यालयाच्या आवारातील वसतिगृह निवडण्याची वेळ येते, तेव्हा विदर्भात आषाढ-श्रावण सुरू असतो. आवार हिरवेगार असते, टाक्या भरून वाहत असतात आणि पंखा एकच्या वेगावर ठेवला तरी पहाटे पांघरूण लागते. अशा दिवसांत पसंत केलेल्या खोलीची खरी परीक्षा होते ती एप्रिल-मे महिन्यांत, ऐन उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावातून गेल्या अठरा वर्षांत वीसेक मुलामुलींना मी निरनिराळ्या वसतिगृहांत पोहोचवून आलो आहे, आणि वसतिगृह निवडताना बहुतेक पालक चुकतात ते याच एका बाबतीत, असे माझे ठाम मत झाले आहे.

कागदपत्रांविषयी येथे लिहीत नाही. प्रवेशासाठी जी जमवली त्यांच्याच दोन जादा प्रती काढाव्यात. खोली पाहायला निघण्यापूर्वी शासकीय योजनेचा निर्णय मात्र घरीच करून ठेवावा. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला की अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेची आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला स्वयम् योजनेची, म्हणजे बाहेर राहून शिकणाऱ्यांना दिली जाणारी रक्कम मिळत नाही, त्यामुळे दोन्हींचा भरवसा धरून खर्चाचा हिशेब मांडू नये. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिचा अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. वसतिगृहात भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. पावतीशिवाय पैसे मागणारे वसतिगृह, मग ते कितीही स्वच्छ असो, मी तेथल्या तेथे सोडून देतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मी स्वतः पहिल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरील पश्चिमेची, कोपऱ्यातील खोली हट्टाने मागून घेतली होती. वरच्या माळ्यावर वारा लागतो असे ओळखीच्या एका सीनियरने सांगितले होते, आणि खिडकीतून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, हिरवीगार वावरे दिसत होती. होळीनंतर त्या खोलीचे रूप पालटले. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता खाली सोडत राही, पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवता येत नसे आणि टाकीतील पातळी उतरली की आमच्या मजल्यावरच्या नळाची धार करंगळीएवढी होई. मे महिन्यातील पेपरांचा अभ्यास मी तळमजल्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून केला. त्या सीनियरची स्वतःची खोली तळमजल्यावर होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

पाण्याची पाहणी सर्वांत आधी करावी आणि ती आकड्यांनी करावी, कारण ‘पाण्याची काही अडचण नाही’ हे वाक्य प्रत्येक वसतिगृहात ऐकायला मिळते. गच्चीवरील टाक्यांवर त्यांची क्षमता लिटरमध्ये लिहिलेली असते. त्या मोजाव्यात, बेरीज करावी आणि राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येने भागावे. भारतीय मानकात वसतिगृहासाठी माणशी रोज 135 लिटर पाणी धरलेले आहे. साठ विद्यार्थी आणि 2000 लिटरच्या दोन टाक्या असतील, तर एका भरण्यात माणशी जेमतेम 66 लिटर येतात, म्हणजे टाक्या दिवसातून दोनदा भरल्या गेल्या तरच निभाव लागतो. दोनदा भरल्या जातात का, आणि एप्रिलमध्येही भरल्या जातात का, हे रेक्टरांना विचारू नये. मोटर चालू-बंद करणाऱ्या माणसाला विचारावे. टँकर कोणत्या महिन्यापासून येतो, वीज गेली की मोटर जनरेटरवर चालते का, हेही तोच सांगतो, आणि तो सहसा खोटे बोलत नाही, कारण उन्हाळ्यात मुलांची बोलणी त्यालाच खावी लागतात.

ऑगस्टमधील बोअरच्या पाण्यावर जाऊ नये. पश्चिम विदर्भाची जमीन काळ्या कातळावर आहे. त्या कातळाच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी साठते, आणि पावसाळ्यात जोरात उपसा देणारी बोअर मार्चमध्ये मोटरीला हवा ओढायला लावते. जुन्या विद्यार्थ्यांच्या खोलीत डोकावले तर बरेच काही कळते. माणशी दोन बादल्या आणि कोपऱ्यात झाकणाचा ड्रम दिसला, तर तेथील मुलांनी पाणी भरून ठेवण्याचा धडा घेतलेला आहे, असे खुशाल समजावे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला, बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही. तेथे पिण्याचे पाणी वेगळ्या नळयोजनेचे आहे का, हे चव घेऊनच ठरवावे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते चवीवरून ओळखता येत नाही, म्हणून तेथे पाणी तपासणीचा अहवाल मागावा आणि मागताना संकोच करू नये.

पाण्यानंतर उष्णता. शेवटच्या मजल्यावरील, थेट स्लॅबखालची खोली फुकट मिळाली तरी घेऊ नये. वरून एक मजला असला की ऊन त्या मजल्याच्या डोक्यावर पडते आणि खालची खोली तगते. पाहायला जाताना सकाळी न जाता दुपारी चारला जावे आणि ऊन कोणत्या भिंतीवर आहे ते पाहावे. आभाळ भरलेले असेल तर मोबाइलमधील होकायंत्र पुरते. पश्चिमेला खिडकी असलेल्या खोलीपेक्षा उत्तरेची खोली, दिसायला अंधारी असली तरी, शतपटीने बरी. नव्या इमारतीचाही मोह पालकांना फार असतो. गुळगुळीत फरशी पाहून माणूस हुरळून जातो, पण नव्या इमारतीभोवती झाड नसते आणि तिच्या भिंती पातळ असतात. जाड भिंतींचे, कडुनिंबाच्या सावलीतील जुने वसतिगृह, प्लास्टर थोडे उडालेले असले तरी, मी डोळे झाकून निवडतो. छताला गळतीचे डाग आहेत का, एवढे मात्र डोळे उघडे ठेवून पाहतो.

कूलरविषयीचा प्रश्न जुलैमध्ये विचारला की लोक हसतात, पण तो जुलैमध्येच विचारायचा असतो. कूलर लावायला परवानगी आहे का, त्याचे वेगळे शुल्क किती, आणि तो खिडकीबाहेर ठेवायला लोखंडी स्टँड किंवा जागा आहे का, अशा तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. साधा कूलर 150 ते 200 वॅट वीज घेतो, पाणी तापवण्याचा रॉड मात्र 1000 वॅटच्या वर जातो. म्हणून रॉड जप्त करणारे वसतिगृह वाईट नव्हे, पण कूलरलाही सरसकट नकार देणारे वसतिगृह विदर्भात राहण्याजोगे नाही. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून आत ओढतो, त्यामुळे आतली हवा बाहेर जायला समोर दुसरी खिडकी किंवा झरोका लागतो. एकाच खिडकीची खोली असेल तर कूलर लावूनही नुसता दमटपणा वाढतो आणि वह्यांची पाने मऊ पडतात. शिवाय कूलरला रोज काही बादल्या पाणी लागते, म्हणजे टाक्यांचा वरचा हिशेब येथे पुन्हा मांडावा लागतो. पाणी नसलेल्या वसतिगृहातील कूलर हा केवळ आवाज करणारा पंखा असतो.

एवढे जमले की बाकीचे सोपे आहे. मेसमध्ये रविवारी दुपारी जेवू नये, त्या दिवशी गोड असते. मंगळवारी रात्री जेवावे आणि पोळी गार झाल्यावर खाऊन पाहावी. खोलीतील सोबती कोण मिळेल यावर विचार करून उपयोग नाही. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम 2009 चे आहेत. त्या नियमांचा फलक आणि 1800-180-5522 हा हेल्पलाइन क्रमांक दर्शनी भागात लावलेला नसेल, तर त्याचे कारण विचारावे.

मुलींच्या वसतिगृहाबाबत आमच्याकडील पालक कंपाउंडची उंची पाहून निश्चिंत होतात. त्यापेक्षा महिला रेक्टर आवारातच मुक्कामाला असतात का आणि ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का, हे पाहावे. गावाकडून येणारी शेवटची एसटी पोहोचण्याआधी फाटक बंद होत असेल, तर उशिरा आलेल्या मुलीला आत घेण्याची पद्धत काय आहे, हे लेखी नियमांत वाचून घ्यावे. एसटी उशिरा येणार, हे गृहीतच धरावे.

ताबा घेतला त्याच दिवशी पलंग, कपाट, पंखा, काचा आणि कडी-कोयंड्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. अनामत रक्कम परत घेताना तेच कामी येतात. मनासारखी खोली मिळाली नाही आणि नाइलाजाने शेवटच्या मजल्यावर जावे लागले, तर खोली बदलण्याचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पहिल्या सत्रानंतर काही मुले प्रवेश बदलून निघून जातात आणि खालच्या मजल्यावरील खाटा रिकाम्या होतात. मार्च उजाडला की तोच अर्ज सगळेच देतात.