दारातला अनोळखी पक्षी ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर एक पक्षी येऊन बसतो. अंग तपकिरी, डोक्यावर एक पीस नाही, कातडी पिवळीजर्द. फोटो ग्रुपवर पडतो. कुणी 'गिधाडाचं पिल्लू' म्हणतं, कुणी 'दुर्मीळ'. असते ती आपली साळुंकी. पिसं झडताना किंवा किड्यांच्या त्रासाने डोकं उघडं पडतं, आणि एरवी फक्त डोळ्याभोवती दिसणारी पिवळी कातडी पुरी उघडी होते.

सर्वांत मोठी चूक इथेच होते. पक्षी अनोळखी वाटला की लोक थेट पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरचे पक्षी शोधू लागतात. आधी रोजच्यांची हजेरी घ्या. कोल्हापुरातल्या घराभोवती दिसणारा 'नवा' पक्षी बहुतेक वेळा जुन्याच पक्ष्याची मादी, पिल्लू किंवा पिसं बदलणारा नर असतो. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाला गालावरचा लाल ठिपका नसतो, तुरा आखूड असतो. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीचा हंगाम संपला की चमकदार रंग उतरवतो. मग पोट पिवळट आणि गळ्यापासून खाली एकच काळी पट्टी उरते. चोच बघा: लांब, बारीक, खाली वळलेली असेल तर सूर्यपक्षी, आखूड असेल तर फुलटोच्या. सुगरणीचा नरही पिवळं डोकं गेल्यावर चिमणीच्या मादीसारखा दिसतो.

कोकीळ तर अनेकांना फसवतो. 'कुहू' करणारा काळाभोर, लाल डोळ्यांचा पक्षी नर असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे. आवाजही वेगळा, 'किक-किक-किक' असा घाईचा. आंब्यात लपलेली ही मादी 'ससाणा' म्हणून खपते.

दुसरी चूक, रंगावर विसंबणं. आकाश मागे असलं की कुठलाही पक्षी काळा दिसतो, आणि संध्याकाळच्या उन्हात बगळासुद्धा केशरी. रंग शेवटी बघा. आधी आकार मोजा, तोही ओळखीच्या पक्ष्याशी ताडून: चिमणी साधारण १५ सेंमी, बुलबुल २०, साळुंकी २३ ते २५, पारवा ३३, घार ६०. पावसात पिसं फुगवून बसलेला बुलबुल साळुंकीएवढा वाटू शकतो, म्हणून तो हलेपर्यंत थांबा. मग चोच, शेपटीची लांबी, आणि तो चालतो, उड्या मारतो की खोडावर चढतो ते पाहा.

चालण्यावरून सुटणारा घोळ म्हणजे 'सुतार'. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, काळे-पांढरे पट्टे असलेले पंख आणि लांब चोच घेऊन हिरवळीवर ठुमकत फिरणाऱ्या पक्ष्याला आपल्याकडे सर्रास सुतारपक्षी म्हणतात. तो हुदहुद. तो जमिनीत चोच खुपसून किडे काढतो. खरा सुतार ताठ शेपटीचा टेकू देऊन खोडावर उभा चढतो. घराभोवतीच्या झाडांवर तुम्हाला मराठा सुतार भेटू शकतो, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, साळुंकीपेक्षा लहान. साळुंकीशी घोळ होणारी आणखी एक म्हणजे जंगली मैना. ती साळुंकीत मिसळून चरते, पण काळसर राखाडी असते, कपाळावर पिसांची झुलपी असते, डोळ्याभोवती पिवळी कातडी नसते आणि बुबुळ निळसर असतं.

तारेवर बसलेला निळा पक्षी दिसला की 'नीळकंठ' म्हणून मोकळं होणं हीदेखील नावाचीच चूक. चोच मोठी लाल आणि गळा-छाती पांढरी असेल तर तो खंड्या. चोच काळपट, छाती तपकिरी आणि उडताना पंखांत निळ्याच्या दोन छटा झळकल्या तर नीलपंख, म्हणजेच नीळकंठ.

पावशा आणि शिक्रा या जोडीला मात्र वेळ द्या. दोघं राखाडी, दोघांच्या शेपटीवर पट्टे, उडण्याची पद्धतही मिळतीजुळती. लहान पक्षी दोघांनाही बघून सारखाच कलकलाट करतात, म्हणून 'चिमण्या घाबरल्या, म्हणजे शिक्राच' हा निष्कर्ष टिकत नाही. चोच बघा: शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी, पावशाची सरळसर, बारीक. पाऊस तोंडावर आला की 'पेरते व्हा' ओरडणारा हा पावशाच. आवाज ऐकलात तर बाकीची तपासणी नको.

रंकाळा आणि कळंबा तलावांवर पांढऱ्या पक्ष्यांची गडबड असते. चोच पिवळी आणि गुरांच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे फिरत असेल तर गाय बगळा. चोच व पाय काळे, बोटं पिवळी असतील तर छोटा बगळा. बोटं चिखलात बुडालेली असतात. तो उडताना पाय मागे ताणतो, तेव्हा बघा. मोठ्या बगळ्याच्या तोंडाची रेघ डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. आणि काठावर मातकट बसलेला पक्षी उडताच पांढरा झाला, तर तो वंचक. हिवाळ्यात नुकत्याच आलेल्या बदकांचे नर अजून मादीसारखेच असतात. रंगांसाठी डिसेंबरपर्यंत थांबा. काळा, पांढऱ्या चोचीचा, बदकासारखा पोहणारा वारकरी हा बदक नव्हे.

फोटो किंवा आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिनसारखं ॲप वापरा, पण यादीतलं पहिलं नाव म्हणजे निकाल समजू नका. त्यात भारतातल्या पक्ष्यांचा संच डाउनलोड केलाय का, ठिकाण आणि तारीख बरोबर आहे का, हे आधी तपासा. आवाजावरून ओळखताना तर आणखी सावध: कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, पर्णपक्षी चार-पाच पक्ष्यांची. ॲपने 'शिक्रा' म्हटलं आणि समोर दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी बसलाय, तर डोळ्यावर विश्वास ठेवा.

फोटोसाठी मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या पक्ष्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी वर सरकवा, म्हणजे काळा ठिपका पक्षी होईल. बाजूने एक, पाठीमागून एक, उडताना जमला तर एक. सोबत पंधरा-वीस सेकंदांचा आवाज. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर चोचीचा तपशील दबतो.

हिरव्या-पिवळ्या बारक्या पोपटासारखा पक्षी बाल्कनीत आला तर तो बजरीगर, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला. जुन्या वाड्याच्या माळ्यावर हृदयाच्या आकाराचा पांढरा चेहरा करून फुसकारणारी 'विचित्र' पिल्लं गव्हाणी घुबडाची असतात. त्यांना खोक्यात भरू नका, दूध पाजू नका. माळा मोकळा करणं अडलंच असेल, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला सांगा. जमिनीवर सापडलेलं आखूड शेपटीचं बुलबुलाचं पिल्लू जवळच्या झुडपात ठेवा आणि मांजर तेवढं लांब ठेवा. आई-बाप आसपासच असतात.