स्मोक युनिटचा धूर खोलीबाहेर कसा काढावा

स्मोक युनिट म्हणजे मॉडेल रेल्वे इंजिनात बसवलेले धूर सोडणारे छोटे उपकरण. इंजिनाच्या चिमणीतून निघतो तो जळका धूर नव्हे. युनिटमधली तार तेल तापवते आणि ती वाफ बाहेर पडताच गार होऊन तिचे अतिसूक्ष्म थेंब होतात. युनिटमध्ये घालायचे बहुतेक स्मोक फ्लुइड म्हणजे शुद्ध केलेले खनिज तेल. ‘काही जळत नाही, मग त्रास कसला?’ हा सल्ला कानाआड करा. फुप्फुसात गेलेले खनिज तेल सहजासहजी बाहेर पडत नाही. वारंवार गेले तर लिपॉइड न्यूमोनिया, म्हणजे तेलामुळे फुप्फुसाला येणारी सूज, होऊ शकतो. दमेकऱ्यासमोर तर युनिट बंदच ठेवा.

फ्लुइड युनिटच्या पुस्तिकेत सांगितलेलेच, थेंब मोजून. बेबी ऑइल, दिव्याचे तेल, अत्तर घालू नका. जळका वास आला की युनिटमधली तेल शोषणारी वात कोरडी पडली समजा आणि ताबडतोब बंद करा.

खरे काम हवेचे आहे, आणि चुका इथेच होतात. लोक एक्झॉस्ट फॅन बसवतात, दार लावून घेतात आणि छताचा पंखा सोडतात. दार बंद, म्हणजे आत यायला हवाच नाही. फॅन नुसता घरघरतो. छताचा पंखा धूर बाहेर काढत नाही, खोलीभर पसरवतो. म्हणून तो बंद. फॅन धुराच्या जवळच्या खिडकीत आणि हवा येण्याची वाट समोरच्या बाजूला, म्हणजे दार चार बोटे उघडे. फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत झुकली पाहिजे. लोंबत राहिली तर फट वाढवा. घरात गॅस गीझर चालू असेल तर फॅन लावू नका, त्याचा विषारी वायू उलटा आत ओढला जाऊ शकतो.

४ बाय ३ मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. तासाला २१६ घनमीटर ओढणारा फॅन ती १० मिनिटांत एकदा बदलतो. पण नवी हवा जुनीत मिसळत राहते, त्यामुळे तेवढ्यात ६३ टक्केच धूर जातो. ९५ टक्के जायला अर्धा तास. शेवटची गाडी थांबल्यावर फॅन निदान तेवढा वेळ चालूच ठेवा. मग दिवे मालवून नाकाच्या उंचीवर टॉर्च आडवा मारा. झोत दुधाळ पट्ट्यासारखा दिसला, तर थेंब अजून हवेत आहेत.

एन ९५ मास्कवर विसंबू नका. त्यातला ‘एन’ म्हणजे तेलकट थेंबांसाठी नाही. एअर प्युरिफायर थेंब अडवतो, पण त्याचा फिल्टर तेलाने माखत जातो. फॅनची जागा तो घेऊ शकत नाही.

रूळ चिकट लागले तर ते हेच तेल. युनिट पूर्ण गार झाल्यावर, वीज बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा; फॅन तेव्हाही चालू हवा.