रिंकवर नव्याने येणाऱ्या मराठी आईबाबांसाठी

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन या पट्ट्यात नवीन आलेल्या मराठी घरांत एक-दोन हिवाळे गेले की मुलं हमखास म्हणतात, "मला हॉकी खेळायचंय." वर्गातली निम्मी पोरं खेळत असतात आणि सोमवारी डब्याच्या सुट्टीत शनिवारच्या मॅचशिवाय दुसरा विषय नसतो. आपण क्रिकेटवर वाढलेले. हॉकी म्हटलं की आपल्याला मैदानावरची हॉकी आठवते आणि बर्फावरचा खेळ टीव्हीवर पाहिला तर मारामारीच जास्त दिसते. म्हणून आधी भीती वाटते. माझी दोन्ही मुलं इथे हाउस लीग (निवडीशिवाय सगळ्यांना खेळता येणारी स्थानिक लीग) खेळतच मोठी झाली. थोरला आता लहान मुलांच्या मॅचला रेफरी म्हणून उभा राहतो. स्केट्स कुठून घ्यायचे, सेकंडहँड काय चालतं, हे तुम्हाला शेजारीपाजारी कुणीही सांगेल. नियमांबद्दल मात्र कुणी सांगत बसत नाही, आणि स्टँडमधली जवळजवळ सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात आधी एवढं पक्कं धरा, की टीव्हीवरची हॉकी आणि तुमच्या मुलाची हॉकी यांचे नियम वेगळे आहेत. मुलांच्या हॉकीचं नियमपुस्तक हॉकी कॅनडा ही देशाची संघटना काढते आणि ते दर दोन वर्षांनी सुधारून निघतं. २०२२-२४ चं वेगळं, २०२४-२६ चं वेगळं. त्यावर प्रांताची संघटना आपली भर घालते आणि त्याखाली तुमची लीग आणखी काही ठरवते. त्यामुळे ज्यांचा मुलगा आता कॉलेजात आहे अशा शेजाऱ्याने दिलेली माहिती मनापासूनची असली तरी जुनी असू शकते. गटांची नावंसुद्धा बदलली आहेत. पूर्वी नोव्हिस, अ‍ॅटम, पीवी, बँटम, मिजेट असं म्हणायचे. २०२०-२१ च्या सीझनपासून यू-७ (अंडर-७, म्हणजे सात वर्षांखालची मुलं), यू-९, यू-११, यू-१३, यू-१५, यू-१८ असं सरळ वयावर आलं. जुने कोच अजून 'पीवी' म्हणतात, तेव्हा ते यू-१३ म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलांबद्दल बोलताहेत असं समजा. वय ३१ डिसेंबरला धरतात, म्हणजे एकाच वर्षी जन्मलेली सगळी मुलं एका गटात.

मूल सहा-सात-आठ वर्षांचं असेल तर पहिली मॅच पाहून तुम्ही चक्रावून जाल. रिंक २०० फूट लांब, पण लहान मुलं तिच्या अर्ध्याच भागात खेळतात आणि उरलेल्या अर्ध्यात दुसरी मॅच चालू असते. हा बदल यू-७ ला २०१७ पासून आणि यू-९ ला २०१९ पासून देशभर लागू झाला. यू-७ ला पकही (चेंडूऐवजी बर्फावर सरकवायची रबरी चकती) वेगळा, निळ्या रंगाचा, चार औंसांचा. नेहमीचा काळा पक सहा औंसांचा असतो. पाच वर्षांच्या मुलाच्या मनगटाला हा फरक फार मोठा आहे. काळा पक त्याला ढकलावा लागतो, निळा पक उचलून मारता येतो.

अर्ध्या बर्फावर शिट्टी फार कमी वाजते. ठरावीक वेळाने भोंगा होतो, बर्फावरची मुलं पक सोडून बाकावर येतात आणि पुढची तुकडी उतरते. गोलीने (गोलकीपरने) पक दाबून धरला तर रेफरी शिट्टी वाजवतो, हल्ला करणारी मुलं मागे सरकतात आणि खेळ पुन्हा सुरू. अधिकृत स्कोअर कुणी लिहीत नाही. पेनल्टीची, म्हणजे चूक करणाऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवण्याची, पद्धत तर मला फार आवडते. कुणी पाय अडकवून पाडलं की रेफरी क्षणभर हात वर करतो आणि खेळ चालूच राहतो. ती पाळी संपल्यावर तो कोचला जाऊन सांगतो, ते मूल पुढच्या पाळीला बाहेर बसतं आणि त्याच्या जागी दुसरं मूल उतरतं. संघ एकाने कमी होत नाही. नवीन पालकांना वाटतं की रेफरीने पाहिलंच नाही. त्याने पाहिलेलं असतं. त्याचा वर गेलेला हात बघायची सवय लावून घ्या.

'एवढी फी भरून अर्धा रिंक?' हा प्रश्न मी दर सीझनला ऐकते. पूर्ण रिंकवर सात वर्षांची मुलं खेळताना नीट बघा. एक जोरात स्केटिंग करणारं मूल पक घेऊन पळतं आणि बाकीची त्याच्या मागे पळून दमतात. अर्ध्या रिंकवर प्रत्येकाच्या स्टिकला पक लागतो. तुमचं मूल उशिरा सुरू करतंय, त्यामुळे त्याला तर याचा सगळ्यात जास्त फायदा.

आता ज्याची भीती सगळ्यांना असते ते बॉडी चेकिंग. अंगावर जाऊन, खांद्याने धडक देऊन समोरच्याला पकपासून तोडणं म्हणजे बॉडी चेकिंग. यू-१३ पर्यंत ते कॅनडात कुठेही चालत नाही, आणि हाउस लीगमध्ये साधारणपणे त्यानंतरही नाही. पण हे पहिल्यापासून असं नव्हतं. क्वेबेकमध्ये पीवी वयाच्या मुलांना बंदी होती आणि अल्बर्टात परवानगी होती. एकाच वयाची मुलं, एकच खेळ, नियम मात्र दोन. कॅल्गरी विद्यापीठाच्या कॅरोलिन एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या दोन हजारांहून जास्त मुलांची एका सीझनभर नोंद ठेवली. २०१० साली निष्कर्ष आला: जिथे धडक चालते तिथे मॅचमध्ये दुखापत होण्याचा आणि कंकशनचा (डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेचा) धोका तिपटीहून जास्त. अमेरिकेने २०११ मध्ये त्या वयाला बंदी घातली, कॅनडाने मे २०१३ मध्ये. बंदीनंतर अल्बर्टात पुन्हा मोजलं तेव्हा त्या गटात दुखापती निम्म्यावर आल्या होत्या आणि कंकशनचं प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं होतं. नियम बदलून मुलांची डोकी वाचली, इतकं हे थेट आहे. 'आमच्या वेळी असं नव्हतं, पोरं नाजूक झालीत' असं कुणी स्टँडमध्ये म्हणालं तर हे आकडे लक्षात असू द्या. बंदी आहे म्हणून कोच काही शिकवत नाहीत असंही नाही. आधी योग्य जागा आणि कोन धरून अडवणं, मग स्टिकने पक काढणं, मग अंगाचा स्पर्श आणि सगळ्यात शेवटी धडक, अशा चार पायऱ्या ठरलेल्या आहेत.

या बदलाने रेफरीचं काम मात्र अवघड झालं, आणि पालकांच्या हे क्वचितच लक्षात येतं. धडक बंद आहे, अंगाला अंग लागणं बंद नाही. कडेच्या फळीपाशी दोन मुलं एकाच दिशेने पकमागे धावताहेत, खांद्याला खांदा घासतोय, त्यातलं एक पडलं, तर खेळ चालू. तेच मूल समोरून आलं, शेवटच्या दोन पावलांत पक सोडून त्याने समोरच्याच्या अंगाकडे पाहिलं, खांदा पुढे काढला, तर पेनल्टी. स्टँडमधून दोन्ही सारखंच दिसतं आणि आवाजही सारखाच येतो. बर्फावर रेफरी हेच बघत असतो, की मुलाची नजर पकवर होती की माणसावर आणि हात-खांदा पुढे आला की नाही. हे त्याला स्वतः स्केटिंग करत, एका सेकंदात ठरवायचं असतं.

डोक्याला स्पर्श झाला तर त्याहून कडक. २०११ पासून हॉकी कॅनडाचा नियम असा, की डोक्याला लागलं तर चुकून लागलं असलं तरी पेनल्टी, आणि मुद्दाम मारलं तर शिक्षा आणखी मोठी. बाराव्या वर्षी एक मूल पावणेसहा फुटांचं असतं आणि दुसरं साडेचार फुटांचं. उंच मुलाचा खांदा नुसता उभ्या-उभ्यासुद्धा छोट्याच्या हेल्मेटला लागतो. तुमचं मूल उंच असेल तर असं नक्की कधीतरी होईल, आणि 'त्याने मुद्दाम केलं नाही' हे तुमचं म्हणणं खरंही असेल. तरी पेनल्टी बरोबरच. मुद्दाम नव्हतं म्हणून ती माफ होत नाही. घरी येताना गाडीत मुलाला हेच समजावून सांगा, नाहीतर रेफरीने आपल्यावर अन्याय केला हे त्याच्या मनात घर करून बसतं. मागून ढकलणं तर सगळ्यात धोक्याचं. त्यासाठी मॅचमधून बाहेर काढलं जातं. काही मुलांच्या जर्सीवर पाठीला लाल रंगाचं 'स्टॉप' असं चिन्ह शिवलेलं दिसेल. ते १९९६ मध्ये आपल्याच ओंटारिओतल्या विंडसरमध्ये सुरू झालं. मागून येणाऱ्याला ते दिसलं की त्याने थांबायचं.

टुर्नामेंटसाठी सीमेपलीकडे बफेलो किंवा डेट्रॉइटला जाल तेव्हा एक गोष्ट विचारून घ्या. इकडे पेनल्टीमुळे आपला एक खेळाडू कमी असताना पक लांब दुसऱ्या टोकाला फेकून वेळ काढता येतो. अमेरिकेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना २०१७ पासून ती सूट नाही. फेकलात की शिट्टी आणि पक परत तुमच्याच गोलसमोर. मुलांनी दडपणाखाली पास देऊन बाहेर पडायला शिकावं, हा त्यामागचा विचार. सराव नसलेल्या संघाचा पहिल्या मॅचमध्ये गोंधळ उडतो आणि पालकांना रेफरी पक्षपाती वाटायला लागतो.

सामानाच्या नियमांत गळ्याच्या पट्ट्यावर तडजोड करू नका. कॅनडात मुलांच्या हॉकीत तो आधीपासूनच सक्तीचा आहे, आणि तो ठरावीक मानकाचा हवा, त्यावर बीएनक्यू या क्वेबेकच्या मानक-संस्थेचा शिक्का बघून घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू स्केटचं पातं गळ्याला लागून गेला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेतही मुलांना तो सक्तीचा झाला. मूल म्हणेल टोचतो, गरम होतं. तरी घालायचा, प्रॅक्टिसलासुद्धा.

कंकशनबद्दल ओंटारिओत कायदाच आहे, रोवन्स लॉ. रोवन स्ट्रिंगर ही रग्बी खेळणारी सतरा वर्षांची मुलगी २०१३ मध्ये गेली, तिच्या नावाने २०१८ मध्ये तो झाला. नोंदणीच्या वेळी तुम्हाला एक माहितीपत्रक वाचून सही करायला लागते. ते खरोखर वाचा. नुसती शंका आली तरी ट्रेनर (संघात दुखापतींकडे बघणारा) मुलाला बाहेर काढतो, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते परत खेळू शकत नाही. 'ठीक आहे, फायनल आहे' म्हणून ट्रेनरशी हुज्जत घालू नका.

आपल्या मुलांसाठी आणखी एक नियम मुद्दाम सांगते. २०२१ पासून हॉकी कॅनडाच्या पुस्तकात भेदभावाविरुद्ध वेगळा नियम आहे: रंग, वंश, धर्म, भाषा यांवरून कुणाला हिणवलं तर थेट मॅचबाहेर आणि पुढे चौकशी. रेफरीने स्वतः ऐकलं असेल तर तो तिथेच कारवाई करतो. ऐकलं नसेल तरी त्याला सांगता येतं आणि तो लेखी नोंद करतो. म्हणून मुलाला आधीच सांगून ठेवा, की असं काही कानावर आलं तर उलट मारामारी करायची नाही, आणि घरी येईपर्यंत गप्पही बसायचं नाही. लगेच बाकावर जाऊन कोचला सांगायचं. आपली मुलं बहुधा गप्प बसतात. त्यांना वाटतं, आईबाबांना त्रास नको. आठवड्याने सांगितलं तर कुणी पाहिलं, कुणी ऐकलं हे जुळवणं कठीण जातं.

राहिला तो रेफरी. तुमच्या मुलाच्या मॅचला जो पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून उभा असतो, तो बऱ्याचदा चौदा-पंधरा वर्षांचा असतो. दहावीतलं पोर. अनेक ठिकाणी अठरा वर्षांखालचे रेफरी दंडावर हिरवी पट्टी बांधतात, म्हणजे समोरचं मूल आहे हे सगळ्यांना कळावं. नियम बदलले की ते पहिल्यांदा लागू करायचं ओझं याच मुलांवर येतं, कारण नवीन रेफरीला सुरुवातीला लहान गटांच्याच मॅचेस देतात. माझा मुलगा एकदा यू-११ ची मॅच करून आला आणि जेवलाच नाही. डोक्याला लागल्याची पेनल्टी दिली म्हणून एक मोठा माणूस पार्किंगपर्यंत त्याच्या मागे ओरडत आला होता. पेनल्टी नियमाला धरूनच होती. त्याच्याबरोबरच्या काहींनी अशाच अनुभवांनंतर शिट्टी ठेवून दिली. रेफरी मिळाला नाही की मॅच रद्द होते आणि आपलीच मुलं सगळं सामान अंगावर चढवून ताटकळत बसतात.

म्हणून स्टँडमध्ये फक्त आपल्या मुलांसाठी टाळ्या. बहुतेक संघांत चोवीस तासांचा नियम असतो: तक्रार असेल तर एक रात्र जाऊ द्यायची, मग मॅनेजरला लिहायचं, कोचला रिंकवर गाठायचं नाही. मेलमध्ये नियमाचा क्रमांक लिहाल तर उत्तर नीट मिळतं. नियमपुस्तक हॉकी कॅनडाच्या साइटवर फुकट आहे. आपल्या गटापुरतं वाचलं तर एका संध्याकाळचं काम.

आणि मूल चौदाच्या आसपास आलं, खेळ आवडतोय पण मोठ्या संघात निवड होत नाहीये, तर त्याला रेफरीच्या क्लिनिकला (प्रशिक्षणवर्गाला) घाला. थोडं ऑनलाइन असतं, थोडं वर्गात. दर मॅचचे पैसे मिळतात, इंग्रजीत ठामपणे बोलायची सवय होते आणि नियम असे पाठ होतात की घरात तोच आपल्याला शिकवायला लागतो. क्लिनिक सीझनच्या सुरुवातीला होतात आणि जागा पटापट भरतात, तेव्हा ऑगस्टमध्येच तुमच्या असोसिएशनच्या रेफरी-इन-चीफला मेल टाकून ठेवा. शिट्टी बोटात अडकवायची घ्या, आणि हेल्मेटला अर्धी काच लागते ती वेगळी घ्यावी लागेल.